विळ्याची मूठ आणि आपला अंगठा

सप्टेंबरच्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी लागली, की घरोघरचे विळे बाहेर निघतात. धारेसाठी आपण लोहाराकडे जातो. मुठीकडे मात्र कोणी पाहत नाही. मग चार दिवसांत अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो अन् फुटतो. गुत्त्याने सोंगणी घेतलेल्या बाईला ऐन हंगामात घरी बसणे परवडत नाही. हाताला चिंधी बांधून ती काम ओढते. लोक म्हणतात, हात नाजूक आहे. हाताचा कसला दोष? बहुधा मूठच मापाची नसते.

मूठ फार जाड असली तर अंगठा बोटांवर नीट बसत नाही. पकड सैल वाटते म्हणून आपण नकळत जास्त आवळून धरतो आणि संध्याकाळी कोपरापर्यंत हात भरून येतो. मूठ फार बारीक असली तर ती हातात फिरते. फिरली की घासते, आणि घासले की फोड ठरलेला.

अमेरिकेत बोलिंग नावाचा खेळ फार चालतो. त्यातला गोळा सव्वासात किलोपर्यंत जड असतो. त्याला अंगठ्यासाठी एक आणि बोटांसाठी दोन भोके असतात. मुरलेला खेळाडू ती आपल्या हाताच्या मापाने पाडून घेतो. खेळताना अंगठा फुगला किंवा बारीक झाला, तर भोकात चिकटपट्टी कमीजास्त करतो. हा झाला करमणुकीचा खेळ; विळा तर दिवसभर चालवायचा असतो!

तेव्हा विळा सहज, जोर न लावता धरून पाहा. अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, नखाशी बसले तर मूठ जमली. टोकाला टोक जेमतेम लागले, तर ती जाड. अंगठा ते पेर ओलांडून गेला, तर बारीक. साधारणपणे 3 ते 4 सेंटीमीटर व्यास ठीक पडतो. बायकांचा हात लहान, त्यांना 3 च्या जवळपासचा बरा. घरात एकच विळा सर्वांनी वापरायचा, ही रीत इथेच नडते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातील शेतकरी स्त्री-पुरुषांची मापे घेऊन 2009 साली प्रसिद्ध केली, ती अवजारे माणसाच्या बेताची व्हावीत म्हणूनच.

गुरुजींनी मुलांकडून घरच्या विळ्यांच्या मुठी दोऱ्याने मोजून आणवाव्यात. परीघ 11 सेंटीमीटर भरला, तर व्यास साडेतीन. वर्तुळाचा पाठ आपोआप होईल.

जाड मूठ कानशीने उतरवा, मग काचेच्या तुकड्याने जपून खरवडून गुळगुळीत करा; अंगठ्याखालची धार तर आधी मोडा. बारीक मुठीवर सुती फडक्याची पट्टी ओढून गुंडाळा. ती घामही टिपते. पट्टीची गाठ मात्र मुठीच्या शेवटी, करंगळीच्या पलीकडे घ्या. अंगठ्याखाली आली तर तीच टोचेल.