सागरी बेटांचा इतिहास : एका धान्य-व्यापाऱ्याच्या दृष्टीने

(लेखक : एक सभासद, अनगोळ)

स्मरणिकेसाठी आपणही काही लिहून द्यावे, असा आग्रह संपादक मंडळाने दोन वर्षे चालविला होता. आम्ही पडलो धान्याचे घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि लेखणीचा संबंध काय तो रोजमेळ व खतावणी यांच्याशी. तरीही यंदा हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. सुज्ञ वाचकांनी त्यातील उणे पदरात घ्यावे.

निमित्त असे घडले. आमच्या परिचयातील एक दांपत्य भूमध्य समुद्रातील बेटांची यात्रा करून परतले. शेसव्वाशे उतारू नेणाऱ्या लहानशा जहाजाने ते सिसिली, माल्टा, ऱ्होड्स, डेलॉस अशी बेटे पाहून आले होते. मोठे जहाज का घेतले नाही, असे आम्ही विचारता ते म्हणाले, “मोठी जहाजे मोठ्या धक्क्यालाच लागतात. जुनी बंदरे अरुंद आणि उथळ; तेथे लहान जहाजच जाते.” हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. पुढे त्यांनी सांगितलेल्या स्थळांविषयी आम्ही मिळेल ते वाचले, आणि एक गोष्ट ध्यानी आली. इतिहासाच्या पुस्तकांत या बेटांवरील राजे व लढाया ठळक अक्षरांत असतात; परंतु धान्याच्या व्यापाऱ्याने वाचू लागावे, तर पानोपानी आपलाच धंदा दिसतो.

सिसिली बेटाचेच पाहा. इसवी सनापूर्वी २४१ साली कार्थेजशी झालेले पहिले युद्ध संपले आणि या बेटाचा बहुतेक भाग रोमच्या हाती आला. रोमने तेथून काय घेतले? गव्हाच्या पिकाचा दहावा हिस्सा. त्या गव्हावर रोम शहराची मोठी भिस्त असे. ऱ्होड्स बेटाची कथा निराळी. तेथील बंदर जकातीच्या उत्पन्नावर श्रीमंत झाले होते. इसवी सनापूर्वी १६६ च्या सुमारास रोमने जवळच्या डेलॉस या लहान बेटाला जकातमुक्त बंदर केले. तोफ नाही, वेढा नाही. केवळ जकात उठली आणि व्यापाऱ्यांची जहाजे तिकडे वळली. ऱ्होड्सचे बंदरी उत्पन्न पार घसरले. परंतु डेलॉसही चिरकाल टिकले नाही. इसवी सनापूर्वी ८८ आणि ६९ साली ते लुटले गेले आणि कालांतराने ओस पडले. आज तेथे उतारू जातात ते पडक्या बाजारपेठा पाहावयास.

हे वाचीत असता आम्हांस आपल्या वेंगुर्ल्याची आठवण झाली, आणि परक्या समुद्राकडे पाहण्याआधी आपला समुद्र पाहावा असे ठरले. गेल्या माघ महिन्यात आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि मंडळातील दोन कुटुंबे, असे आठ जण निघालो.

बेळगावाहून वेंगुर्ले सुमारे १२० किलोमीटर. हिंडलगा, बाची, शिनोळी, पुढे आंबोलीचा घाट आणि सावंतवाडी. आज मोटारीने तीन-चार तासांत पोहोचता येते. आमच्या पणजोबांच्या आठ बैलगाड्या याच दिशेने जात, आणि घरात सांगतात की एका खेपेला सहा दिवस लागत. जाताना धान्य आणि कापूस, येताना मीठ, नारळ, सुपारी. दिवाळीनंतर वाट सुरू होई आणि मृगाच्या आत शेवटची गाडी घाट चढून वर यावी लागे. त्या काळी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्लेच. सतराव्या शतकात डच लोकांनी येथे वखार घातली होती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवावी आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद पुरवावी, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. त्या वखारीच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले.

पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आली. लोंढा, कॅसलरॉक या मार्गाने माल थेट मुरगावच्या धक्क्याला जाऊ लागला. जे ऱ्होड्सचे झाले तेच वेंगुर्ल्याचे झाले. बंदर तेथेच, समुद्र तोच, फक्त वाट हलली. आमचे पणजोबा, “आगगाडीला पावसाळ्यात घाट झेपणार नाही,” असे म्हणत तीन वर्षे गाड्या राखून बसले. अखेर बैल आणि गाड्या मिळेल त्या किमतीस विकाव्या लागल्या. तो तोटा फेडण्यात आजोबांची उमेदीची वर्षे गेली, असे वडील सांगत असत. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभे राहिलो तेव्हा ही सारी हकीकत आम्ही चिरंजीवांना प्रथमच नीट सांगितली. इतकी वर्षे का सांगितली नाही, हे आमचे आम्हांसही उमगले नाही.

येथून पुढे जलमार्गाने जावे ही आमची हौस पुरी होण्यासारखी नव्हती. एके काळी मुंबई-गोवा आगबोट वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाई. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यास आणीत. ती सेवा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची मोठी प्रवासी बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, परंतु तीही पुढे थांबली. म्हणून बंदर ते बंदर मोटारीने आणि तेथून बेटापर्यंत होडीने, असा क्रम आम्ही ठरविला.

मालवणच्या धक्क्यावर होडीचा आकार पाहून आमच्या सौभाग्यवती किंचित थबकल्या. तांडेल हसून म्हणाला, “काकीनु, घाबरू नकात. मोठी बोट भायरच रवता, बारकी होडीच आत जाता.” भूमध्य समुद्राहून परतलेल्या आमच्या स्नेह्यांचेच वाक्य मालवणी बोलीत ऐकून आम्ही चकित झालो.

सिंधुदुर्ग हा किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला आणि १६६७ साली काम पुरे झाले. क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले आहे. बुरुजांच्या वळणात महाद्वार असे लपविले आहे की जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. परंतु आम्हांस सर्वांत मोठे नवल वाटले ते तेथील तीन विहिरींचे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोडे पाणी. यात चमत्कार नाही. पावसाचे पाणी जमिनीत व खडकाच्या भेगांत मुरते, आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते वरच्या थरात राहते. उपसा बेताचा असला तर ते वर्षभर पुरते. हावरेपणाने उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. हा नियम भांडवलासही लागू आहे, हे व्यापारी बंधूंना सांगावयास नकोच.

पुढे आम्ही विजयदुर्ग आणि जंजिरा पाहिले. विजयदुर्गाच्या खाडीत फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. इंग्रजांना त्या स्वारीत पेशव्यांचेच साह्य होते. भावाभावांच्या भांडणात दुकान तिसऱ्याच्या हाती जाते, असा आपल्या पेठेतला अनुभव आहे; तोच येथे दिसला. मुरूडजवळचा जंजिरा सिद्दींकडे होता आणि मराठ्यांना तो अखेरपर्यंत घेता आला नाही. तटबंदी भक्कम, आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. राजपुरीहून तेथे शिडाच्या होडीने गेलो. वारा पडला की होडी उभी, हा अनुभव आमच्या नातवंडांना नसेल.

परंतु आमच्या लेखाचा गाभा आहे तो खांदेरी या बेटात. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन छोटी बेटे आहेत. १६७९ साली मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली महाराजांनी खांदेरीवर तट बांधण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांना ते आपल्या दाराशी ठाणे वाटले आणि त्यांनी जहाजे आणून बेटास वेढा घातला. पुढे सिद्दीही त्यांना मिळाला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. तथापि मराठ्यांच्या उथळ तळाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्यामधून निसटून बेटावर धान्य, माणसे आणि दारूगोळा पोहोचवीत राहिल्या. मोठ्या जहाजांना वारा हवा, खोल पाणी हवे. या होड्यांना दोन्हींची गरज नव्हती. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे केले, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तट अर्धाच झालेला असताना बेट टिकले, याचे मोठे श्रेय त्या धान्याच्या होड्यांना आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग यांच्यासह खांदेरीही आहे.

या संदर्भात माल्टा बेटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथे धान्य पुरेसे पिकत नसे. सिसिलीहून आणावे लागे. १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा पडला तेव्हापासून साठ्याचे महत्त्व तेथील सरदारांना पुरते कळले. पुढे सतराव्या शतकात त्यांनी खडकात बाटलीच्या आकाराचे खड्डे खोदून त्यांत गहू साठविला आणि तोंडावर गोल दगडी झाकणे बसविली. आपल्याकडची पेवेच ती! सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत. ती झाकणे माल्ट्याच्या फ्लोरियाना येथील चौकात आजही ओळीने दिसतात. दुसऱ्या महायुद्धात हे बेट पुन्हा कोंडले गेले. अन्न संपून शरण जावे लागेल तो दिवस अधिकाऱ्यांनी हिशेबाने काढून ठेवला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये १४ मालवाहू जहाजांचा तांडा निघाला; त्यांतील ५ पोहोचली. तेवढ्यावर बेट तगले.

खांदेरीहून परतताना होडीत चिरंजीवांनी पुन्हा जुना विषय काढला. अलीकडे मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्या माल परस्पर उचलतात, आणि रविवार पेठेतील आमच्यासारख्या घाऊक दुकानांची उलाढाल दरसाल उतरत आहे. यावर त्यांचे म्हणणे असे की एक लहान टेंपो घ्यावा आणि खेड्यांतील लहान दुकानदारांना दोन-दोन पोती त्यांच्या दारात द्यावीत. “घाऊक व्यापारी दारोदार फिरत नसतो,” असे सांगून आम्ही दोन वर्षे ते उडवून लावले होते. त्या दिवशी ते इतकेच म्हणाले, “बाबा, पणजोबासुद्धा तीन वर्षे थांबले होते.” आम्ही काही बोललो नाही. होडी थळला लागेपर्यंत तटाकडे पाहत राहिलो.

पाडव्याच्या मुहूर्तावर टेंपो आला. चंदगड आणि खानापूर भागांतील लहान गावांना आठवड्यातून दोन फेऱ्या होतात. नफा झाला म्हणावे असा आकडा अजून खतावणीत उतरलेला नाही. डिझेल आणि उधारी यांची तोंडमिळवणी कशीबशी होते. परंतु जेथे मोठी लॉरी जात नाही तेथील दुकानदार आता आमच्या गाडीची वाट पाहतात, ही गोष्ट खरी.

ज्या सभासदांना अशी यात्रा करावयाची आहे त्यांच्यासाठी दोन-तीन सूचना. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ उत्तम. पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकण अद्याप विसरलेले नाही. होडीत बसताना तरंगजाकीट मागून घ्यावे. संकोच करू नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेले पाणी बरोबर असावे. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवल्या म्हणजे सूर्यास्तापूर्वी किनाऱ्यावर येऊन भोजन आटोपता येते. आणि शक्य तर मुलांना बरोबर न्यावे. घरातील जुन्या तोट्याची गोष्ट दुकानाच्या गादीवर सांगणे आम्हांस कधी जमले नव्हते. धक्क्यावर ती सहज सांगता आली.