मिल्वॉकीच्या गाड्या उद्या कोण चालवणार?

अमेरिकेतल्या मिल्वॉकीत थंडी ओसरली की गराजांची दारं उघडतात आणि गल्लीबोळांतून मोटरसायकली बाहेर पडतात. हार्ले-डेव्हिडसनचं हे जन्मगाव. 1903मध्ये डेव्हिडसनांच्या परसातल्या लाकडी शेडमध्ये कंपनी सुरू झाली. मी मूळचा कराडचा, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला. नोकरीसाठी इकडे आलो आणि या अगडबंब व्ही-ट्विन गाड्यांनी मला वेड लावलं. म्हणूनच त्यांचं पुढे काय होणार, हा विचार हल्ली डोक्यातून जात नाही.

आधी इंजिन समजून घेऊ. इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर, त्यांच्यात 45 अंशांचा कोन. एकाच उखळात दोघींनी मुसळं चालवावीत, तसे दोन पिस्टन क्रँकच्या एकाच पिनेवर जोर लावतात. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं राहत नाही. एक सिलिंडर पेटल्यावर क्रँक 315 अंश फिरला की दुसरा पेटतो आणि मग पहिल्याची पाळी यायला 405 अंश लागतात. गाडी जागेवर सुरू असताना ऐकू येणारी लंगडी लय ती हीच. कंपनीने 1994मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. प्रतिस्पर्ध्यांनी विरोध केला आणि 2000मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला.

या रचनेत एक जुनी अडचण आहे. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो, त्याला वारा कमी मिळतो. सिग्नलला थांबलं की तो तापतो आणि चालवणाऱ्याची मांडी शेकते. केवळ हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान सतत वरखाली होतं. म्हणून आतले भाग थोडे सैल बसवावे लागतात, पेट्रोलही जरा जास्त सोडावं लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडतं, आणि प्रदूषणाचे नियम नेमकं तिथेच बोट ठेवतात. 1957पासून नाव चालत आलेली हवेवर थंड होणारी स्पोर्टस्टर युरोपातून 2020नंतर गेली, अमेरिकेतही 2022मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्या जागी पाण्याने थंड होणारं, 60 अंशांच्या कोनाचं नवं इंजिन आलं.

तरीही कायद्याने या गाड्या मारल्या, असं मला वाटत नाही. 2016मध्ये आलेलं मिल्वॉकी-एट हे इंजिन पाहा. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, सिलिंडरचा माथा तेलाने किंवा पाण्याने थंड केलेला. थांबलेल्या गाडीचं इंजिन फार तापलं तर मागचा सिलिंडर काही वेळ आपोआप पेटायचा बंद होतो. पहिलं इंजिन 1746 सीसीचं होतं, पुढे ते 1977 सीसीपर्यंत वाढलं, आणि नियमही पाळतं. इंजिनिअरांनी आपलं काम चोख केलं आहे. कमी पडताहेत ती माणसं.

माझ्या शेजारच्या आजोबांकडे पावणेचारशे किलोच्या आसपासची टूरिंग गाडी होती. घराच्या उतारावर ते ती कायम तोंड रस्त्याकडे करून लावायचे, कारण उलटी ढकलत चढावर नेणं त्यांना जमेना. जवानीत त्यांनी हिच्यावरून अर्धा देश पालथा घातलेला. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे बोलू लागले. शेवटी त्यांनी ती विकून तीनचाकी घेतली. त्याआधी नातवाला विचारलं होतं. त्याने कौतुकाने हँडलवर हात फिरवला आणि नको म्हणाला. इन्शुरन्स भरायचा, कॉलेजचं कर्ज फेडायचं, त्यात ही कुठे ठेवायची?

हे घरोघरी घडतंय. 2006मध्ये हार्लेने सुमारे 3 लाख 49 हजार मोटरसायकली कारखान्याबाहेर पाठवल्या होत्या. 2024मध्ये हा आकडा दीड लाखाच्या आसपास होता. 2008च्या मंदीने कर्जं आटली, हे खरं. पण कंपन्या पन्नाशीकडे झुकलेल्या त्याच गिऱ्हाइकाच्या मागे जात राहिल्या, त्याच्यासाठी गाडी आणखी मोठी, आणखी महाग करत गेल्या, हे मला जास्त खटकतं. 2024च्या स्ट्रीट ग्लाइडची किंमत जवळपास 26 हजार डॉलर होती. पंचविशीतल्या पोराने एवढे पैसे आणायचे कुठून? 2019मध्ये आलेली विजेवरची लाइव्हवायरही 30 हजारांच्या घरात होती, म्हणजे तो प्रश्न तिनेही सोडवला नाही. इतरांचंही फारसं बरं चाललेलं नाही. पोलारिस कंपनीने 2017मध्ये व्हिक्टरी हा ब्रँड बंद केला आणि ऑक्टोबर 2025मध्ये इंडियन मोटरसायकलमधला मोठा हिस्सा विकत असल्याचं जाहीर केलं. इंडियन तर हार्लेहून जुनी, 1901ची.

आपल्याकडेही हे प्रयोग झाले. कराडपासून जवळच, वाईला, गरवारे मोटर्सनं कोरियाच्या ह्योसंगची पावणेसातशे सीसीची व्ही-ट्विन क्रूझर जोडायला घेतली होती, पण तो उद्योग त्यांच्याकडे फार काळ राहिला नाही. हार्ले 2009मध्ये भारतात आली, 2020मध्ये बावलचा कारखाना बंद करून, हिरो मोटोकॉर्पशी करार करून मोकळी झाली. त्या करारातून 2023मध्ये आलेली एक्स 440 सुरुवातीला 2 लाख 29 हजारांची, एका सिलिंडरची. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मला मात्र ती पटते. तरुणाला झेपेल अशी गाडी आज मिळाली, तरच तो उद्या मोठ्या गाडीचा विचार करेल. मोठ्या गाड्यांवरची आयात-जकात 2025च्या अर्थसंकल्पात कमी झाली खरी, पण त्याच वर्षी सप्टेंबरात 350 सीसीवरच्या मोटरसायकलींचा जीएसटी 40 टक्क्यांवर गेला. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या तरुणासाठी दोन सिलिंडरची थोरली गाडी अजून दूरच आहे.

इकडे मिल्वॉकीतल्या तरुणांना ही लंगडी लय आवडत नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. आमच्या कामावर वेल्डिंग शिकणारी एक मुलगी आहे. तिने जुनी 883 स्पोर्टस्टर स्वस्तात घेतली. त्या गाडीचे सुटे भाग हवे तेवढे मिळतात, आणि नेहमीची देखभाल घरच्या पान्यांनी होते. शनिवारी तिला प्रायमरी चेनच्या पेटीतलं तेल बदलायला शिकवायचंय. तिचे दोन मित्रही पाहायला येणार आहेत, म्हणून मी पाने दोन जोड काढून ठेवलेत.