मागच्या आसनावर बसून पाहिलेली गाडी

गाडी घेणारा मनुष्य ती बहुधा चालकाच्या आसनावर बसून पाहतो. आम्हीही पहिले दोन शनिवार तेच केले. जबल अलीहून निघून शेख झायेद मार्गावरील दालने पालथी घातली, स्टिअरिंग हाती धरले, काचेच्या पडद्यांवर बोटे फिरवली आणि घरी परतलो. तिसऱ्या शनिवारी आई सोबत होती. नांदेडहून तीन महिन्यांसाठी आलेली, दोन्ही गुडघे धरलेले. एका उंच एसयूव्हीचे दार आम्ही उघडले तेव्हा ती पायरीपाशी थांबली आणि म्हणाली, "अरे बाळा, ही गाडी आहे का माळा?"

तेथून आमची पाहणी मागच्या दारापासून सुरू झाली.

सेडान की एसयूव्ही, हा वाद आपल्या बैठकींत नेहमी होतो आणि बहुतेक वेळा बाहेरच्या आकारावर संपतो. जी गाडी मोठी दिसते तिच्यात जागा मोठी, असे आपण धरून चालतो. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, पाहिले की हा समज डळमळतो. २०२० साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लासच्या लांब आवृत्तीत हे अंतर ३२१६ मिलिमीटर आहे. त्याच कंपनीच्या जीएलएस या भल्यामोठ्या एसयूव्हीत ३१३५. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या सेव्हन सिरीजमध्ये ३२१५, तर एक्स-सेव्हनमध्ये ३१०५. सेडान या अंतरात दोन रांगा बसवते, एसयूव्हीला तीन बसवाव्या लागतात. मागे ऐसपैस पाय पसरून बसायचे असेल, तर धनवान मंडळी अजूनही लांब सेडानच का घेतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अर्थात या गाड्या आम्ही केवळ पाहण्यासाठी पाहिल्या. येथील बँक गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, तेही ६० महिन्यांत फेडायचे. उरलेले २० टक्के आधी हाती हवेत.

खरी शिकवण मिळाली ती लेक्ससच्या तीन गाड्यांत. २०१८ साली आलेली ईएस ही सेडान, आरएक्स ही मध्यम एसयूव्ही आणि एलएक्स ही लँड क्रूझरच्या सांगाड्यावरची मोठी एसयूव्ही. व्हीलबेस अनुक्रमे २८७०, २८५० आणि २८५०. म्हणजे जवळजवळ सारखाच! उंची मात्र ईएसची १४४५, आरएक्सची सुमारे १७००, तर एलएक्सची १९०० च्या आसपास. मग ही वाढलेली उंची बसणाऱ्याच्या पदरात किती पडते?

एलएक्सची बांधणी ट्रकसारख्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर आहे. चौकट खाली, तिच्यावर गाडीचा तळ, तळावर आसन. वाळूत व दगडधोंड्यांत ही चौकट अत्यंत उपयोगी. पण तिने खाल्लेली उंची आतल्या माणसाला मिळत नाही. तिसऱ्या रांगेखाली तर मागचा अॅक्सल असतो, त्यामुळे तेथे पाय ठेवायची जागा वर आणि आसन त्या मानाने खाली. गुडघे छातीकडे येतात, मांडी अधांतरी राहते आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर पडतो. आमच्यापैकी जो सहा फुटांच्या जवळ आहे, त्याने तेथे दहा मिनिटे काढली. शारजाच्या सायंकाळच्या रहदारीत दोन तास काढणे त्याला शक्य नाही.

ईएसमध्ये आई बसली ती एका श्वासात. पण उठताना तिने दाराची कड, पुढच्या आसनाची पाठ आणि आमचा खांदा, तिन्ही धरले. आसन गुडघ्यांहून खाली असले की उठताना शरीराचा सगळा भार त्या दुखऱ्या सांध्यांनाच उचलावा लागतो. आत बसल्यावरची मऊ शांतता सेडानचीच, यात शंका नाही. उंच गाडी वळणावर जशी झुलते तशी ती झुलत नाही, आणि आईला गाडी लागते. आरएक्समध्ये आसन तिच्या कमरेच्या पातळीला आले. चढणे नाही, उतरणे नाही. नुसते मागे टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. "ही बरी," ती म्हणाली.

गोष्ट येथेच संपायला हवी होती. पण आरएक्समध्ये जागा पाच.

वाहनातील जागा हा विषय आपल्या घरांत निव्वळ चैनीचा कधीच नव्हता. १९०१ साली मसूरच्या रेल्वेस्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला, आणि न सरावलेल्या हातांनी हाकलेल्या टांग्यातून ते पुलावर फेकले गेले. हे दोन्ही प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहेत. त्यामुळे आपल्यातील कोणी उंची गाडी घेतली की तिला केवळ दिखाऊपणा म्हणून बाजूला सारणे आम्हांस जमत नाही.

आमच्या गाडीत दर महिन्याच्या वंदनेला दोन तरुण येतात. जबल अलीच्या औद्योगिक भागात कामगारांच्या निवासात राहतात, सुटी एकच दिवसाची. आई नसताना पाच जागा पुरत. आता चालक, पुढे आई, मागे आम्हांपैकी एक आणि तीन वर्षांची मुलगी. येथील २०१७ च्या नियमाने चार वर्षांपर्यंतच्या मुलाला बालआसन सक्तीचे आहे, आणि ते एकदा बसवले की शेजारच्या मधल्या जागेत मोठा माणूस तिरपाच बसतो. दोघांपैकी एकाला 'तू मेट्रोने ये' असे सांगायचे, तर कोणाला?

अखेर आम्ही तीन वर्षे वापरलेली सात आसनी व्होल्वो एक्ससी-नाईंटी घेतली. व्हीलबेस २९८४, स्वतंत्र चौकट नाही, म्हणून तळ खाली. दुसऱ्या रांगेतील तिन्ही आसने वेगवेगळी पुढेमागे सरकतात, त्यामुळे गुडघ्यांच्या जागेची वाटणी करता येते. आमच्या गाडीचे सस्पेन्शन हवेचे असल्याने उतरताना ती थोडी खाली बसते. आईला याचे फार कौतुक. तिसरी रांग १७० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसांसाठी, असे कंपनीच सांगते, आणि ते प्रामाणिक आहे. सातही जागा भरल्या की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. विमानतळावर आईच्या लोणच्याच्या बरण्या त्यामुळे मांडीवर येणार, हे ठरलेले.

पाहणीला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दालनातील मऊ आसनाला भुलू नये; पहिल्या दहा मिनिटांत जो फोम सुखावतो तोच तासाभराने खचतो, म्हणून मागे बसून लांब फेरी मारावी. आणि आसनातून हवा खेळवणारे पंखे मागच्या रांगेतही आहेत का, तिसऱ्या रांगेत एसीची झडप आहे का, हे जुलैतील दुपारी तपासावे.

पहिल्याच वंदनेला ते दोघे तरुण आपणहून मागच्या रांगेकडे वळले. आईने त्यांना थांबवले. आता जाताना ते दुसऱ्या रांगेत बसतात आणि आम्हा दोघांत जी ठेंगणी आहे ती मागे. येताना अदलाबदल होते. पुढची जागा आईची, आणि ती मात्र कोणाला देत नाही.