हप्ता न भरता नवी गाडी

22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये गर्दी झाली. तेव्हापासून आपल्या घरांतही हा विषय वरचेवर निघतो. जुनी गाडी आठ-नऊ वर्षांची झाली आहे, मुले मोठी झाली, पाय दुमडून बसावे लागते, मेहुण्याने नवी घेतली. शोरूममधला मुलगा कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो आणि म्हणतो, "महिन्याला दहा हजारसुद्धा नाही पडत, साहेब."

तोच कॅल्क्युलेटर घरी घेऊन बसू या. सहा लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के दर आणि सात वर्षे मुदत धरली, तर हप्ता साधारण 9,800 रुपये येतो. 84 हप्त्यांत आपण सव्वाआठ लाखांच्या आसपास भरतो. म्हणजे सव्वादोन लाख निव्वळ व्याज. व्याजाबद्दल दीनचा हुकूम काय आहे, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अडचण हुकूम माहीत नसण्याची नाही. "मग गाडी घ्यायची कशी?" याचे उत्तर कोणी देत नाही, ही अडचण आहे.

उत्तर त्याच आकड्यांत आहे. दरमहा दहा हजार बाजूला ठेवले, तर 60 महिन्यांत सहा लाख होतात. बँकेच्या वाटेने सात वर्षे हप्ते भरावे लागतात, बचतीच्या वाटेने पाच वर्षांत रोख हातात येते. पाच वर्षांत किमती वाढतील, हे खरे. पण जुन्या गाडीचेही काही पैसे येतात. तरीही लाखभर कमी पडले, तर तेवढ्यापुरते भावाकडून किंवा मेहुण्याकडून कर्जे हसना घेता येते. तेही रीतसर लिहून, साक्षीदार ठेवून. घरातला व्यवहार म्हणून न लिहिलेल्या उसनवारीने किती भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत! घरच्या लोकांची भिशी हाही मार्ग चांगला आहे. फक्त ती चिठ्ठी टाकून नंबर काढणारी असावी, बोली लावून कमी रकमेत उचलण्याची नसावी.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. घरच्या वापरातल्या गाडीवर जकात नाही; पण गाडीसाठी साठवत असलेल्या रकमेवर, निसाब पूर्ण होऊन चांद्रवर्ष उलटले की, अडीच टक्के जकात आहे. बचतीचा हिशोब मांडताना ती धरूनच मांडावी.

आता राहिला मुख्य प्रश्न. ही पाच वर्षे जुन्या गाडीने काढायची आहेत. ती दर दोन महिन्यांनी गॅरेजमध्ये जाऊन बसली, तर बचत तिथेच संपेल. पण आजकालच्या गाड्या तशा दणकट असतात. नीट ठेवलेले पेट्रोल इंजिन दीड-दोन लाख किलोमीटर सहज चालते. ते बंद पडते बहुधा आपल्या दुर्लक्षामुळे, आणि दुर्लक्ष फार स्वस्त गोष्टींकडे होते.

इंजिन ऑइलचेच पाहा. बहुतेक कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत देतात. "वर्षात चारच हजार चालली, कशाला बदलायचे?" असे म्हणून पुढे ढकलणारे बरेच असतात. पण बाजार, शाळा, मशीद अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आत ओलावा साठतो आणि ऑइल न चालताही खराब होते. फजरनंतर, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा घालून पाहायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसले की झाले. दोन मिनिटांचे काम आहे, घरातली बारा वर्षांची मुलगीही करू शकते. तिच्याकडूनच करून घ्यावे, म्हणजे वडिलांना विसर पडणार नाही.

कूलंटची टाकी बाहेरूनच दिसते. पातळी किमान खुणेखाली गेली असेल तर कंपनीने सांगितलेलेच कूलंट घालावे. नळाच्या पाण्याने आतून गंज आणि क्षार धरतात. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उकळते पाणी दाबाने उसळते आणि चेहरा भाजतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि जुने, ओलसर ऑइल तिथेच दगा देते. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरावे.

एसीतून कुबट वास येऊ लागला की गॅस भरायला पळण्याआधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, कप्पा उतरवला की हाताने ओढून निघतो. ज्या घरात दम्याचे माणूस आहे, तिथे हा फिल्टर वेळेवर बदलणे औषधाइतकेच महत्त्वाचे.

"चेक इंजिन"चा पिवळा दिवा लागला की लोक घाबरतात, किंवा महिनोन्‌महिने त्याच्याकडे पाहतही नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिथे छोटा ओबीडी स्कॅनर लावला की बिघाडाचा क्रमांक मोबाइलवर दिसतो. साधा स्कॅनर हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि चार भावांच्या चार गाड्यांना एकच पुरतो. त्याने दुरुस्ती होत नाही, पण गॅरेजमध्ये "सेन्सर गेला, आठ हजार" असे ऐकायला मिळाले की "कोणता सेन्सर?" एवढे तरी विचारता येते.

टायरवर थोडे जास्त बोलायला हवे, कारण इथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. नक्षी छान दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर आतून कडक झालेला असतो. नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते. खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. हवेचा आकडा पंपावरच्या मुलाला विचारू नये. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि गाडी भरलेली असेल तेव्हा किती हवा लागते हेही तिथेच असते. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात तासन्‌तास एकाच वेगाने धावताना कमी हवेचा जुना टायर तापतो आणि फुटतो. तिथल्या तीव्र अपघातांत टायर फुटणे हे कारण पुन्हा पुन्हा समोर आले आहे. लग्नाला सात माणसे, वर सामान, वर आंब्याची पेटी, आणि स्टेपनीत हवाच नाही, अशी गाडी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे.

कोकणातल्या अनेक घरांत वेगळीच अडचण असते. कमावता माणूस आखातात, गाडी सहा-सहा महिने अंगणात उभी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात, खाऱ्या हवेने खालचा पत्रा खातो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते, त्यामुळे जवळपास रिकामी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये. यावर उपाय म्हणजे घरातल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा अर्धा तास ती चालवणे. आंगणात नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद केल्याने बॅटरी भरण्याऐवजी आणखी उतरते. म्हणूनच बायको किंवा सून गाडी शिकली तर चैन म्हणून नव्हे, रोजची गरज म्हणून पाहावे. रात्री-अपरात्री सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले, तर रिक्षावाल्याचा नंबर शोधत बसावे लागत नाही.

पावसाचा धडा कोकणाने 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये घेतला आणि मुंबईने त्याआधी 26 जुलै 2005 ला. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. ढकलून बाहेर काढावी, नाहीतर ओढून न्यावी. साध्या विम्यात असे इंजिनाचे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. आणि पाणी दाराच्या वर चढू लागले तर गाडीचा विचारच सोडावा, काचा चालू आहेत तोवर उघडून बाहेर पडावे. 2005 मध्ये मुंबईत माणसे बंद गाड्यांत गुदमरून दगावली होती.

विम्याबद्दल आलिमांची मते वेगवेगळी आहेत, त्यात शिरत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो नसताना गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे समोरच्याचा हक्क बुडवण्याची तयारी ठेवणे.

खर्च वाचवायला सीएनजी किट बसवणारे पुष्कळ आहेत. रोजचे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर असेल तर ते परवडते, महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला नाही. बसवायचेच तर मान्यताप्राप्त किट हवे, आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवलेले हवे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. ही चाचणी टाळून चाललेल्या गाडीत मागच्या सीटवर मुले बसवणे याला काय म्हणावे?

हौसेचा खर्च तर बोलायलाच नको. स्पीकर, रंगीत दिवे, पुढे लोखंडी बुलबार. बुलबारवर बंदी आहे आणि त्याने एअरबॅगच्या सेन्सरवर परिणाम होऊ शकतो. जाड सीट कव्हरने बाजूची एअरबॅग अडते. काचांवर काळी फिल्म मात्र आपल्याकडे पर्द्याच्या नावाने लावली जाते. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आला पाहिजे, असा नियम आहे. पर्द्याची जबाबदारी नजरेवर आणि पोशाखावर आहे, रात्री पादचारी न दिसण्याइतकी काच काळी करण्यावर नाही.

त्यापेक्षा मागच्या सीटचे पट्टे वर काढा. अनेक गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री दगावले, ते महागड्या मोटारीत मागे, पट्ट्याविना बसले होते. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तान्हे मूल मांडीवर घेऊन पुढे बसणारी आई दंड टाळू शकेल, पण धडकेत ते मूल कोणत्याही हातात थांबत नाही. आणि ईदच्या दिवशी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती चावी देणाऱ्या वडिलांनी 2019 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा वाचावा. पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

पाच वर्षे न थांबता गाडी बदलावी, असे एक कारण मला पटते. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस आपल्याकडे 2019 पासून सक्तीचे झाले. त्याआधीची, या दोन्ही गोष्टी नसलेली गाडी घेऊन जर कुटुंब दर महिन्याला महामार्गावर जात असेल, तर ती बदलायला हवी. पण तेव्हाही नवीच हवी असे नाही. दोन्ही एअरबॅग असलेली, तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी रोखीने मिळते. घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवावी, सकाळी थंड इंजिनावर सुरू करून पाहावी, आणि विकणाऱ्याला अपघाताबद्दल थेट विचारावे. उलट आपण विकत असू तेव्हा दोष लपवू नयेत. मीटर मागे फिरवणे ही सरळ फसवणूक आहे, बाजारात सगळेच करतात म्हणून ती हलाल होत नाही.

जुनी गाडी विकताना दोन कामे त्याच आठवड्यात उरका. विम्यावरचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो, त्याचे पत्र घेऊन ठेवले की नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. दुसरे, फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलून घ्या. घेणारा चुलतभाऊ असला तरीही. उद्या त्या गाडीने कोणाला उडवले, तर नोंदणीवर ज्याचे नाव असेल त्यालाच आधी नोटीस येते.