पुसलेलीं पत्रें आणि न पुसलेला जाब

ज्या पेढीची रोजकीर्द आणि खतावणी धड नाहीं, त्या पेढीच्या हुंडीस बाजारांत कोणी हात लावीत नाहीं. वहीचें एक पान फाटलेलें आढळलें, तर मुनीम कितीही जुना व विश्वासू असो, मालक त्यास ‘पान कोठें गेलें?’ हें प्रथम विचारतो व बाकीचा हिशेब मागाहून पाहतो. बाजारांतला हा साधा न्याय राज्यकारभारास लागू करावयाचा किंवा नाहीं, एवढाच प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. सरकार हा लोकांचा मुनीम आहे, मालक नव्हे. आणि सरकारी दप्तर ही मालकाची वही आहे, मुनिमाची खासगी चोपडी नव्हे. हें तत्त्व तोंडानें नाकारणारा राज्यकर्ता आज सांपडावयाचा नाहीं. परंतु तोंडच्या कबुलीची हातांनीं कशी वाट लावतां येते, याचा बोधप्रद दाखला कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें जगापुढें ठेविला आहे. तेथें निवडून आलेलें विधिमंडळ आहे, स्वतंत्र न्यायालयें आहेत, सरकारकडे माहिती मागण्याचा कायदा आहे, आणि त्या कायद्यावर देखरेख करणारा आयुक्तही आहे. इतकें सर्व असतांना जें घडलें, तें म्हणूनच अधिक विचार करण्यासारखें आहे.

त्या प्रांताच्या उत्तर भागांत प्रिन्स जॉर्जपासून समुद्रकांठच्या प्रिन्स रूपर्टपर्यंत ७०० किलोमीटरांहून लांब असा १६ क्रमांकाचा हमरस्ता आहे. त्यास लोकांनीं ‘अश्रूंचा रस्ता’ असें नांव दिलें आहे. हें नांव कवीच्या कल्पनेंतून निघालेलें नाहीं. या रस्त्यावर व आसपासच्या हमरस्त्यांवर १९६९ पासून २००६ पर्यंत खून झालेल्या किंवा नाहींशा झालेल्या १८ स्त्रियांचीं व मुलींचीं प्रकरणें पोलिसांनीं एकत्र तपासास घेतलीं. खरा आंकडा याहून पुष्कळ मोठा आहे असें तेथील मूळच्या रहिवाशांचें म्हणणें आहे, आणि बळी पडलेल्यांत त्यांच्याच लेकी अधिक. गांवें एकमेकांपासून दूर, घरीं मोटार नाहीं, रस्त्यावर पुरेशी बस नाहीं. तेव्हां दवाखान्यास किंवा बाजारास जावयाचें तर रस्त्याच्या कडेस उभें राहून अनोळखी मोटारवाल्यास हात करावयाचा, हाच गरिबाचा मार्ग. या रस्त्यावर बस चालवावी अशी सूचना २००६ मध्यें एका परिषदेनें केली होती. नाहींशा झालेल्या स्त्रियांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या वॉली ओपल यांच्या आयोगानेंही २०१२ मध्यें तीच निकड सांगितली. तरी बस आली नाहीं.

२०१४ च्या नोव्हेंबरांत विरोधी पक्षाकडून वाहतूक खात्याकडे अर्ज गेला कीं, या रस्त्यासंबंधानें खात्यानें ज्या बैठका घेतल्या, त्यांचे कागद द्यावे. खात्याचें उत्तर आलें कीं, असे कागदच नाहींत. पुढें २०१५ च्या मे महिन्यांत त्याच खात्याच्या मंत्र्यांच्या कचेरींत पूर्वीं काम केलेले टिम डंकन यांनीं माहिती आयुक्तांस पत्र लिहिलें. अर्जाच्या कक्षेंत येणारे ई-मेल आपल्या संगणकावर होते. ते पुसण्यास जॉर्ज ग्रेटेस या दुसऱ्या साहाय्यकानें आपणांस सांगितलें. आणि आपण कचरतों असें पाहून त्यानें कळफलक स्वतःच्या हातीं घेऊन ते पुसून टाकिले, असें त्यांनीं कळविलें. या पुसण्यास तिकडे ‘तिहेरी पुसणें’ म्हणतात. आधीं पत्र केराच्या टोपलींत टाकावयाचें, मग टोपली रिकामी करावयाची, आणि टोपलींतून गेलेलें पत्रही जेथून कांहीं दिवस परत मिळवितां येतें, ती शेवटची जागाही साफ करावयाची. कागद फाडला तर तुकडे उरतात, जाळला तर राख उरते. येथें कांहींच उरत नाहीं.

आयुक्त श्रीमती एलिझाबेथ डेनहॅम यांनीं २२ ऑक्टोबर २०१५ रोजीं आपला चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. डंकन यांचें म्हणणें त्यांनीं खरें धरलें. परंतु अहवालांतील याहून मोठी गोष्ट अशी कीं, हा एका पोराचा उतावळेपणा ठरला नाहीं. खुद्द मुख्य प्रधान श्रीमती ख्रिस्टी क्लार्क यांच्या कचेरींतील एक वरिष्ठ अधिकारी आपण धाडलेले ई-मेल नित्यनेमानें ठोक पुसून टाकीत असल्याचें निघालें. लोकांचे अर्ज आले म्हणजे ‘तुमच्याकडे कांहीं कागद आहेत काय?’ हें तेथें तोंडीं विचारलें जाई, आणि उत्तर चिकटणाऱ्या चिठोरीवर टिपून चिठोरी फेकून दिली जाई. प्रांताच्या सर्वश्रेष्ठ कचेरीचें दप्तर म्हणजे चिठोरी! आमच्याकडील लहानशा खेड्यांतला वाणी उधारीची टिपणी याहून अधिक काळजीनें ठेवितो.

आतां कायद्याचें काय झालें तें पाहूं. ग्रेटेस यानें चौकशींत शपथेवर खोटें सांगितलें होतें. २०१६ च्या जुलैंत त्यानें गुन्हा कबूल केला व त्यास २,५०० डॉलर दंड झाला. हा दंड कशाबद्दल, तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. आयुक्तांची दिशाभूल केल्याबद्दल दंड झाला. पत्रें पुसल्याबद्दल नव्हे. मागितलेली माहिती पुसणें हा त्या वेळीं तेथील माहितीच्या कायद्यांत शिक्षापात्र अपराधच नव्हता. चोरानें चोरी केली याबद्दल शिक्षा नाहीं, पण ‘चोरी केली नाहीं’ असें फौजदारापुढें खोटें बोलला तर दंड, असा हा न्याय झाला! त्यानें मौन धरलें असतें तर बहुधा तेंही चुकलें असतें.

शेजारच्या नव्हे, पण त्याच देशांतील ऑन्टॅरिओ प्रांताची कथा हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दाखविते. तेथील सरकारनें ओकव्हिल व मिसिसागा येथील वायूवर चालणारीं दोन वीजकेंद्रें २०१० व २०११ मध्यें रद्द केलीं; दुसरें तर निवडणुकीच्या ऐन धामधुमींत. या दोन निर्णयांचा बोजा १०० कोटी डॉलरांच्या वर जाऊं शकेल, असें महालेखापरीक्षकांनीं २०१३ मध्यें दाखवून दिलें. एवढ्या खर्चाचे निर्णय झाले कसे, हें शोधूं जातां ऊर्जामंत्र्यांच्या कचेरींतील मुख्य साहाय्यकाचा ई-मेलचा सांठा रिकामा आढळला. २०१३ च्या फेब्रुवारींत सत्तेची अदलाबदल होतांना मुख्य प्रधानांच्या कचेरींतील संगणकही बाहेरचा मनुष्य आणवून पुसण्यांत आले. या कृत्याबद्दल त्या कचेरीचे मुख्य अधिकारी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांस २०१८ मध्यें चार महिन्यांची कैद झाली. पण तीही फौजदारी कायद्यांतील संगणकाच्या गैरवापराच्या कलमाखालीं. दप्तर जपण्याचा जो खास कायदा तेथें होता, त्यांत तें मोडणारास शिक्षाच सांगितलेली नव्हती. दांत नसलेला कायदा दाखविण्याच्या उपयोगी पडतो, चावण्याच्या नाहीं.

पुसणारांच्या बाजूनें जें बोललें जातें, त्याचाही विचार केला पाहिजे. पहिलें समर्थन असें कीं, सर्वच पत्रें जपण्याच्या योग्यतेचीं नसतात. हें खरें आहे. चहाचें निमंत्रण किंवा बैठकीची वेळ बदलल्याची सूचना कोणी शंभर वर्षें जपावी असें आम्हीही म्हणणार नाहीं. ब्रिटिश कोलंबियांत अशा पत्रांस ‘क्षणिक’ म्हणत व तीं पुसण्याची मोकळीक असे. परंतु पत्र क्षणिक आहे कीं नाहीं, हें ठरविणारा कोण? ज्याच्या वर्तनाचा तें पत्र पुरावा, तोच! आपल्या प्रकरणांत आपणच न्यायाधीश होऊं नये, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा येथें विसरला गेला. दुसरें समर्थन असें कीं, सर्व कांहीं उघड होणार असेल, तर मंत्र्यांस निर्भीड सल्ला कोण देईल? यास उत्तर सोपें आहे. मंत्रिमंडळाची मसलत कांहीं काळ गुप्त ठेवण्याची तरतूद तेथील कायद्यांत आधींच आहे. झाकणें वेगळें आणि जाळणें वेगळें. झाकलेला कागद न्यायाधीश किंवा आयुक्त उघडून पाहूं शकतो, आणि उद्यांचा इतिहासकारही पाहूं शकतो. जाळलेला कागद कोणीच पाहूं शकत नाहीं.

न्यायालयांत तर याविषयीं फार जुना नियम आहे. जो पुरावा ज्याच्या हातीं असून तो पुढें आणीत नाहीं, तो पुरावा त्याच्या विरुद्ध जाणारा होता, असें मानण्याची मुभा आमच्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें न्यायाधीशास दिली होती, आणि तीच २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. सामान्य सावकारास जो नियम लागू, तो सरकारास कां नसावा? ज्या निर्णयाचे कागद मागितल्यावर नाहींसे होतात, तो निर्णय मतदारांनीं सरकारच्या विरुद्धच धरावा, हें आमच्या मतें पूर्ण न्याय्य आहे.

या प्रकरणाचा शेवट एका पक्षाच्या पराभवानें झाला असता, तर तो पक्षाभिमानी लोकांस गोड लागला असता. तसा तो झाला नाहीं. १६ क्रमांकाच्या रस्त्यावर अखेर २०१७ पासून बसगाड्या टप्प्याटप्प्यानें सुरू झाल्या. सरकारही त्याच वर्षीं बदललें. कागद मागून ज्या पक्षानें सरकारास पेचांत धरलें होतें, तोच सत्तेवर आला. त्यानें २०२१ मध्यें कायद्यांत दुरुस्ती करून मागितलेली माहिती जाणूनबुजून नष्ट करणें हा अपराध ठरविला. याबद्दल त्याची स्तुति केली पाहिजे. परंतु त्याच दुरुस्तीनें माहितीच्या अर्जावर १० डॉलर शुल्क बसविण्याची वाटही मोकळी केली. विरोधांत असतांना ज्या दारावर आपण धक्के मारले, सत्तेंत गेल्यावर त्याच दारास टोल लावावयाचा, ही रीत कोणा एका पक्षाची किंवा एका देशाची नाहीं. म्हणून दप्तराचें रक्षण कोणाच्या सुशीलतेवर सोंपवून चालत नाहीं.

आमच्या वाचकांस या प्रश्नाचें महत्त्व वेगळें पटवून देण्याचें कारण नाहीं. पेशवे दप्तर पुण्यांत शाबूत राहिलें, म्हणूनच रियासतकार सरदेसाई १९३० नंतर त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादूं शकले, आणि मराठ्यांच्या राज्यकारभाराचे गुण व दोष दोन्ही आज आपणांस पुराव्यानिशीं सांगतां येतात. दोष लपावे म्हणून तेव्हांच्या कारकुनांनीं रुमाल जाळले असते, तर त्यांबरोबर गुणही जळाले असते. कायद्याच्या बाबतींतही आम्ही रिकाम्या हातांचे नाहीं. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम कागद बेकायदा नष्ट करणारास पांच वर्षांपर्यंत कैद सांगतो. महाराष्ट्राचा तसा २००५ चा कायदा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें माहितीच्या व्याख्येंत ई-मेलचा नांवानें उल्लेख केला आहे, आणि मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे.

शस्त्र आहे, तें चालविणारा हात पाहिजे. आमचें मागणें तीन कलमांत सांगतां येईल. सरकारी कामाचा निरोप सरकारी खात्यावरूनच जावा. खासगी फोनवर गेला, तर त्याची प्रत दप्तरांत यावी. कोणतें पत्र क्षणिक, हें तें लिहिणारानें नव्हे, तर स्वतंत्र दप्तरदारानें ठरवावें. आणि अर्ज आल्यावर कागद पुसणाराची चौकशी त्याच्याच वरिष्ठानें न करतां बाहेरच्या अधिकाऱ्यानें करावी. हीं कलमें सरकार आपण होऊन मान्य करील अशी आमची समजूत नाहीं. व्यापारी आपल्या वहीविषयीं जितका जागरूक असतो, तितके नागरिक सरकारी वहीविषयीं जागरूक झाले, अर्ज करूं लागले, ‘कागद नाहींत’ या उत्तरावर अपील करूं लागले, म्हणजे तीं मान्य होतील. त्या रस्त्याच्या कडेस बसची वाट पाहणाऱ्या बायकांविषयीं सरकार काय बोललें, हें जाणण्याचा त्यांच्या आप्तांस हक्क होता. तो एका मनुष्यानें बोटाच्या तीन दाबांनीं नाहींसा केला, आणि दुसऱ्या एका मनुष्यानें पत्र लिहिलें म्हणूनच तें जगास कळलें. आपल्या कचेऱ्यांत असा दुसरा मनुष्य निघाला, तर त्याच्या पाठीशीं उभें राहणें हें आपलें कर्तव्य आहे.