निळे निशाण आणि हिरवा पडदा

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत नव्या भीमगीतांची तयारी सुरू होते. पूर्वी गाण्याची कॅसेट निघे, आता गाण्याबरोबर व्हिडिओही लागतो. गायक उभा असतो पनवेलच्या एखाद्या लहान खोलीत. पण पाहणाऱ्याला त्याच्यामागे नागपूरची दीक्षाभूमी किंवा महाडचे चवदार तळे दिसते. हे कसे साधते आणि कुठे फसते, हे आपल्या मुलामुलींनी समजून घ्यावे. कारण अशा व्हिडिओला बहुधा मंडळाच्या वर्गणीचा पैसा लागलेला असतो.

गायकामागे एकाच रंगाचा पडदा लावतात. तो रंग जिथे दिसेल तिथले चित्र संगणक पुसून टाकतो आणि त्या जागी दुसरे चित्र बसवतो. धंद्यात याला ‘क्रोमा’ म्हणतात. क्रोमाला माणूस कळत नाही, फक्त रंग कळतो.

सिनेमात बराच काळ निळा पडदा चालत असे, कारण माणसाच्या कातडीत, ती गोरी असो वा सावळी, निळा अंश कमी असतो. १९५९ च्या ‘बेन हर’ चित्रपटासाठी पेट्रो व्लाहोस यांनी निळ्या पडद्याची सुधारलेली रीत बसवली. केस, धूर, काच यांच्या बारीक कडाही तिने टिकू लागल्या. पुढे डिजिटल कॅमेरे आले. त्यांतील बहुतेकांत हिरवा रंग टिपणारे बिंदू तांबड्या किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. म्हणून हिरवा पडदा रूढ झाला.

आपल्याला हिरवाच सोयीचा, याला आणखी एक कारण आहे. निळ्या पडद्यापुढे निळे निशाण धरले तर निशाणच नाहीसे होते. तसबिरीतील बाबासाहेबांच्या निळ्या कोटालाही भोके पडतात. पंचशील ध्वजात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी रंग आहेत, हिरवा नाही. मात्र हाती पिंपळाची फांदी असेल, तर हिरवा पडदा तीच खाऊन टाकील!

पांढऱ्या साडीचीही काळजी घ्यावी लागते. पडद्याचा हिरवा उजेड साडीवर पडतो आणि पदराच्या कडेला हिरवट झाक येते. यावर उत्तम उपाय म्हणजे मोकळी जागा. गाणाऱ्याने पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे उभे राहावे. पडद्याला सुरकुत्या नसाव्यात आणि त्यावर वेगळा, सगळीकडे सारखा उजेड असावा. खोली अपुरी पडत असेल तर विहाराचे सभागृह मागून घ्यावे. मोबाइलवर चित्रण करताना उजेड व रंग आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवावी.

नंतरच्या कामात घाई नको. आधी माणसाभोवती ढोबळ रेघ मारून बाहेरचा पसारा काढावा. मग काळा-पांढरा साचा तपासावा : माणूस पूर्ण पांढरा, बाकी सारे काळे. अंगावर करडे डाग दिसले तर तिथून मागचे चित्र डोकावणार. कड अगदी थोडी आत घेऊन किंचित मऊ करावी. जास्त घेतली तर केस कातरल्यासारखे दिसतात. केसांसाठी साचा वेगळा ठेवावा आणि उरलेली हिरवी झाक शेवटी उतरवावी.

जिथे रंगाने भागत नाही, तिथे कड हाताने आखतात. हे ‘रोटो’चे काम. सेकंदाला २५ चित्रे धरली तर चार मिनिटांच्या गाण्यात ६,००० चित्रे होतात! प्रत्येकावर नवी रेघ काढावी लागत नाही, मधल्या रेघा संगणक भरतो. पण तपासावे सर्वच लागते. मुंबईत चित्रपटांचे असे काम चालते आणि नवशिक्यांना अनेकदा इथूनच सुरुवात करावी लागते. आता पार्श्वभूमी आपोआप काढणारी साधनेही आली आहेत. त्यांनी काम झटपट होते, पण केसांपाशी, बोटांपाशी कड थरथरते. नुसती रेघ मारता येणाऱ्याचे काम त्यामुळे कमी होईल. चूक ओळखून ती दुरुस्त करणाऱ्याला मागणी राहील.

तेव्हा पालकांनो, क्लासची भरमसाट फी भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला घरीच एक मिनिटाचे काम करून पाहू द्या. ब्लेंडर फुकट मिळते, डाविंची रिझॉल्व्हचीही फुकट आवृत्ती आहे. झालेले काम सर्वांनी मिळून पाहा. कड कुठे थरथरते, हे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही.