पुढचे घर, मागचे घर

ॲम्स्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्त या कालव्याच्या काठावर २६३ क्रमांकाची जी विटांची इमारत उभी आहे ती १६३५ साली बांधलेली असून, त्या शहरातील अनेक जुन्या घरांप्रमाणे तिचे दोन भाग आहेत. कालव्याकडील दर्शनी भाग म्हणजे पुढचे घर, आणि त्याच्या पाठीशी असलेला, एका अरुंद वाटेने व जिन्याने त्याला जोडलेला भाग म्हणजे मागचे घर. डच भाषेत त्याला ‘आख्टरहाउस’ म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे मागचे घर मुळीच दिसत नाही. जर्मन सैन्याने नेदरलँड्सचा ताबा घेतलेला असताना, ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत, या न दिसणाऱ्या भागात आठ ज्यू माणसे लपून राहिली, आणि त्यांच्यातील ॲन फ्रँक या मुलीच्या रोजनिशीमुळे ही वास्तू जगाला ठाऊक झाली. आज तेथे ‘ॲन फ्रँक हाउस’ हे संग्रहालय आहे. वर्षाला १२ लाखांहून अधिक लोक ते पाहून गेल्याची नोंद आहे, आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात मागच्या घराचीच ओढ असते. परंतु मागचे घर दोन वर्षे टिकले ते पुढच्या घराच्या आधारावर, आणि ही वास्तू समजून घ्यायची तर सुरुवात पुढच्या घरापासूनच करावी लागते.

पुढच्या घरात एक चालता व्यवसाय होता. ॲनचे वडील ओटो फ्रँक हे फ्रँकफर्टचे ज्यू व्यापारी. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली ते ॲम्स्टरडॅमला आले आणि जॅम घट्ट होण्यासाठी लागणारे पेक्टिन विकणारी कंपनी चालवू लागले. पुढे त्याला मसाल्यांच्या व्यापाराची जोड मिळाली, आणि डिसेंबर १९४० मध्ये दोन्ही धंदे या इमारतीत आले. तळमजल्यावर गोदाम होते, तेथे मसाले दळून पुड्यांत भरले जात. त्याच्यावर कचेरी, आणि कचेरीच्या वर मालाची कोठारे होती. ज्यूंच्या मालकीचे उद्योग बळकावण्याचे फर्मान निघाल्यावर ओटो फ्रँक यांनी धंदा विश्वासू सहकाऱ्यांच्या नावे केला आणि स्वतः कागदोपत्री त्यातून बाहेर पडले. म्हणजे लपण्याची जागा शोधण्याच्या आधीच, ती जागा सांभाळू शकतील अशी माणसे पुढच्या घरात बसलेली होती.

डच भाषेत लपून राहण्याला जे क्रियापद रूढ झाले, त्याचा शब्दशः अर्थ पाण्याखाली बुडी मारणे असा होतो. बुडी मारलेल्याला वरून हवा पुरवणारा कोणीतरी लागतो, आणि हे काम या घरात व्हिक्टर कुग्लर, योहानेस क्लायमन, मीप गीस व बेप फोस्काउल या कचेरीतील चौघांनी, तसेच मीपचे पती यान आणि बेपचे वडील योहान यांनी केले. शिधापत्रिकेवरच अन्न मिळण्याचे ते दिवस होते, आणि सरकारदप्तरी जो नाहीसा झाला त्याला शिधा मिळत नसे. त्यामुळे आठ माणसांसाठी शिध्याची कुपने आडमार्गाने मिळवणे, जास्तीची भाजी संशय न येईल अशी आणणे, वाचनालयातून पुस्तके आणून देणे आणि हे सर्व करताना कचेरीचा रोजचा पत्रव्यवहार चालू ठेवणे, अशी ही दुहेरी नोकरी होती. जवळच्या रस्त्यावरील भाजीवाल्याला खरेदीच्या प्रमाणावरून बहुधा सारे उमगले होते, पण त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मे १९४४ मध्ये त्यालाच अटक झाली, कारण त्याच्या स्वतःच्या घरातही दोन ज्यू लपलेले होते.

गोदामातील कामगारांना मात्र वर माणसे राहतात हे माहीत नव्हते, आणि मागच्या घराचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीने ठरत असे. सकाळी साडेआठच्या सुमारास कामगार आले की वर पाऊल हलके व्हायचे, बूट पायांतून निघायचे, नळ सोडायचा नाही आणि शौचालयात पाणी ओढायचे नाही, कारण नळातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाजही खाली पोचू शकत होता. दुपारी कामगार जेवायला घरी गेले की कचेरीतील मंडळी वर येत, बाहेरच्या बातम्या सांगत; संध्याकाळी साडेपाचला गोदाम बंद झाले म्हणजे मोठ्याने बोलता येई. तेरा ते पंधरा या वयातील एका मुलीला दिवसाचे आठ-नऊ तास असे वागावे लागले, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्याच लाकडी जमिनीवर उभे राहून, पायाखालच्या फळीचा आवाज ऐकत लक्षात येणे वेगळे.

पुढच्या आणि मागच्या घराच्या सांध्यावर ते प्रसिद्ध फिरते कपाट आहे. ते ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे फ्रँक कुटुंब येथे आल्यानंतर, योहान फोस्काउल यांनी घरच्या घरी बनवले. लोकांनी दडवलेल्या सायकली शोधण्यासाठी त्या काळी घरांची झडती घेतली जात होती, आणि अशा झडतीत मागच्या घराचे दार उघडे पडू नये, ही त्यामागची चिंता होती. कपाट साध्या लाकडाचे आहे, त्याच्या फळ्यांवर कचेरीच्या फायली उभ्या आहेत, आणि एका बाजूच्या बिजागरीवर ते दारासारखे फिरते. त्यामागचे दार इतके ठेंगणे की सुरुवातीला प्रत्येकाचे कपाळ चौकटीवर आपटत असे. म्हणून चौकटीला भुसा भरलेले कापड ठोकण्यात आले होते. एप्रिल १९४४ मध्ये गोदामात चोरी झाली, त्या रात्री पोलीस शोध घेत थेट या कपाटापर्यंत आले आणि त्यांनी ते खडखडवून पाहिले. आत आठ माणसे श्वास रोखून बसली होती. कपाट तेव्हा टिकले.

कपाटामागे फ्रँक दांपत्याची व मोठी मुलगी मार्गोट हिची खोली, ॲन आणि फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य यांनी वाटून घेतलेली चिंचोळी खोली, वरच्या मजल्यावर व्हान पेल्स कुटुंबाची खोली, जी दिवसा सर्वांचे स्वयंपाकघर असे, आणि पेटर या त्यांच्या मुलाची जिन्याखालची जागा, एवढाच विस्तार आहे. या खोल्या आज पूर्ण रिकाम्या आहेत. ४ ऑगस्ट १९४४ रोजी आठहीजणांना अटक झाली, आणि त्यानंतर लवकरच, पकडलेल्या ज्यूंच्या घरांतील सामान जप्त करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, येथील सामान नेण्यात आले. आणि १९६० साली संग्रहालय उघडताना खोल्या पुन्हा सजवू नयेत, त्या तशाच राहाव्यात, ही ओटो फ्रँक यांची इच्छा पाळण्यात आली. सामान कसे मांडलेले होते हे कळावे म्हणून त्यांच्या सांगण्यावरून लहान प्रतिकृती तयार करून ठेवल्या आहेत. हा निर्णय फार मोलाचा आहे. तशाच पलंगांनी आणि पडद्यांनी खोल्या भरल्या असत्या, तर नेलेले जणू परत आले असा आभास झाला असता. रिकामी खोली मात्र चोरी चोरी म्हणूनच दाखवते.

जे नेता आले नाही ते भिंतीवर राहिले. नॉर्मंडीच्या नकाशाचे वर्तमानपत्रातील कात्रण तेथे आहे. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य किनाऱ्यावर उतरल्यानंतर त्याची आगेकूच ओटो फ्रँक त्यावर टाचण्या टोचून दाखवत असत. त्याच्याजवळ पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत, कोणत्याही घरात मुलांची उंची मोजताना काढतात तशाच. त्यांवरून ॲन या दोन वर्षांत १३ सेंटिमीटरहून अधिक वाढली असे दिसते. मुलगी वाढत होती, अंगावरचे कपडे आखूड होत होते, आणि बाहेर जाण्याची सोय नव्हती.

या आठजणांपैकी फक्त ओटो फ्रँक परतले. आधी वेस्टरबोर्क येथील छावणी, तेथून ३ सप्टेंबर १९४४ रोजी निघालेल्या आगगाडीने आउशविट्झ, आणि पुढे वेगवेगळ्या छावण्या, असा सर्वांचा प्रवास झाला; ॲन आणि मार्गोट १९४५ च्या आरंभी बेर्गन-बेल्सन येथे मरण पावल्या. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. सुमारे २८,००० जणांनी लपण्याचा मार्ग धरला आणि त्यांतील बरेच पकडले गेले. फ्रँक कुटुंबाची कहाणी सर्वांच्या कहाणीची प्रतिनिधी मानली जाते, पण एका बाबतीत ती अपवाद आहे: संपूर्ण कुटुंबाला एकाच छपराखाली, स्वतःच्या कचेरीत, ओळखीच्या माणसांच्या भरवशावर राहता आले. एरवी आईबाप एकीकडे आणि मुले अनोळखी घरी दुसऱ्या नावाने, आणि दर काही आठवड्यांनी नवी जागा, असेच बहुतेकांच्या वाट्याला आले. त्या कुटुंबांच्या मागे जपून ठेवण्याजोगे एक घरही उरले नाही.

ही इमारतदेखील उरली नसतीच. १९५० नंतरच्या दशकात ती पाडून तेथे नवे बांधकाम करण्याचे ठरले होते. वर्तमानपत्रांतून व नागरिकांतून विरोध उठला, ३ मे १९५७ रोजी एक प्रतिष्ठान स्थापन झाले, मालक कंपनीने त्याच वर्षी इमारत त्याला देऊन टाकली, आणि बरोबर तीन वर्षांनी, ३ मे १९६० रोजी, संग्रहालयाचे दार उघडले. त्या पहिल्या वर्षी सुमारे ९,००० लोक आले. पुढे गर्दीसाठी शेजारी नवी इमारत जोडावी लागली, पुढचे घर १९९९ पर्यंत युद्धकाळातील रूपात परत आणले गेले, आणि आता ठरावीक वेळेचे तिकीट आधी घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. अरुंद जिन्यांवर माणसे एकामागून एक चढतात.

वाटेच्या अखेरीस ॲनचे लेखन ठेवलेले आहे. तेराव्या वाढदिवसाला मिळालेली चौकड्यांच्या लाल कापडाची वही काही महिन्यांतच भरली, मग हिशेबाच्या व शाळेच्या वह्या आल्या. मार्च १९४४ मध्ये लंडनहून प्रक्षेपित झालेल्या डच भाषणात, युद्धानंतर सामान्य माणसांच्या रोजनिश्या व पत्रे गोळा केली जातील असे मंत्र्यांनी सांगितले, तेव्हा चौदा वर्षांच्या ॲनने आपली रोजनिशी पुस्तक व्हावी या हेतूने पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. ते लेखन दोनशेहून अधिक सुट्या, पातळ कागदांवर आहे. हे कागद कचेरीचे होते. बेप आणि मीप ते वर आणून देत असत. अटकेच्या दिवशी जमिनीवर विखुरलेले हेच कागद त्या दोघींनी गोळा केले, आणि मीपने ते न वाचता कचेरीतील आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुलींच्या मृत्यूची बातमी पक्की झाली, त्या दिवशी तिने तो खण उघडला आणि सगळे कागद ओटो फ्रँक यांच्या हाती दिले.